जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल : किंमत आणि सुटे भाग
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या शिकारी रायफलींविषयी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी दोनच गोष्टी विचारल्या आहेत : हिची किंमत किती, आणि तुटलेला भाग कुठे मिळेल. काही पत्रं निवडून इथे उत्तरं देतो. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि रायफलींचे नंबर गाळले आहेत. कोणाच्या घरी हत्यार आहे हे छापून सांगणं बरं नव्हे.

प्रश्न : काका, माझे सासरे वारले. त्यांची रायफल आम्ही परवानाधारक दुकानात जमा केली आहे. नळीवर "मॅन्टन अँड कंपनी, कलकत्ता" असं कोरलंय आणि बोअर .२७५ आहे. आतला हूक तुटल्यामुळे रिकामी पुंगळी बाहेर येत नाही, असं दुकानदार म्हणतात. एक गृहस्थ म्हणतात, मॅन्टन म्हणजे मोठं नाव, लाखोंची वस्तू आहे. दुसरे म्हणतात, भंगार आहे. खरं काय समजायचं? — एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, रायफल घरात न ठेवता जमा केलीत, हे उत्तम झालं. परवाना माणसाच्या नावावर असतो. तो गेला की घरच्यांना ती वस्तू जवळ ठेवायचा अधिकार आपोआप मिळत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि वारसाच्या नावानं परवान्याचा अर्ज करायचा. बार्शी ग्रामीण हद्दीत येते, म्हणून तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. सोलापूर शहरात राहत असतात तर पोलीस आयुक्तालयात गेला असता. ज्याच्या नावावर रायफल घ्यायची, त्याच्याकडे आधीची किती हत्यारं आहेत तेही बघा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, आणि वारशानं आलेलं हत्यारही त्या दोनांतच मोजलं जातं.

आता त्या दोन गृहस्थांचं. दोघांनीही रायफल नीट पाहिलेली दिसत नाही.

नळीवर कलकत्त्याच्या पेढीचं नाव आहे म्हणजे रायफल तिथे घडली असं नाही. मॅन्टन, लायन अँड लायन, रोडा या कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या इंग्लंड आणि युरोपातून माल मागवत आणि आपलं नाव कोरून विकत. यातली रोडा म्हणजे तीच, जिच्या मालातून क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली. तेव्हा पेढीच्या नावाला मान आहे, पण त्यावरून किंमत काढता येत नाही. रायफल कोणी घडवली ते शोधावं लागतं.

.२७५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) म्हटल्यावर मला तरी ती माउझरच्या घडणीची असावी असं वाटतं. लंडनच्या रिग्बीनं .२७५ म्हणून विकलेलं काडतूस हे मुळात जर्मन ७ बाय ५७ माउझरच. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली, ती याच बोअरची. तुमची रायफल तशी आहे का, हे दुकानदाराला दोन गोष्टी बघायला सांगितल्या की कळेल. पहिली, बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) मूठ वर उचलतानाच स्प्रिंग ताणली जाते की बोल्ट पुढे ढकलताना? उचलताना ताणली जात असेल तर १८९८ ची घडण, ढकलताना ताणली जात असेल तर १८९३ किंवा १८९५ ची. दुसरी, बोल्टला जागेवर अडकवून धरणारे पुढे दोन आणि मागे एक असे तीन कान आहेत का? मागचा तिसरा कान ९८ लाच असतो. पुढचे दोन कान तुटले तर बोल्ट माणसाच्या तोंडावर येऊ नये म्हणून तो दिलेला आहे. शिवाय डाव्या बाजूच्या पट्टीवर किंवा नळीमागच्या कड्यावर "माउझर, ओबर्नडॉर्फ" अशी अक्षरं सापडली तर मूळ कारखान्याची खात्री होते.

मग लाकडाचा दस्ता उतरवून नळीच्या खालच्या बाजूचे शिक्के वाचायचे. हे काम दुकानदाराच्या परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. मुकुटाखाली बीपी, बीव्ही अशी अक्षरं असली तर ती बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये तपासली गेली आहे, मुकुटाखाली एन असेल तर जर्मनीत. जर्मनीचा हा एन किंवा इंग्रजी शिक्क्यांतला एनपी म्हणजे नळी धूरविरहित दारूसाठी तपासून पास झालेली आहे. ही खूण नसलेल्या नळीतून आजचं काडतूस झाडू नये. किंमत ठरवताना मी पेढीच्या नावाआधी हे शिक्के वाचतो.

त्यानंतर नंबर. नळी, तिच्यामागचं कडं आणि बोल्ट यांवरचे नंबर एकमेकांशी जुळायला हवेत. नंबर जुळणारी, थोडी झिजलेली रायफल मला दुसरीचा बोल्ट बसवलेल्या चकचकीत रायफलीपेक्षा केव्हाही अधिक मोलाची वाटते. जाणकार गिऱ्हाईकही तसंच समजतं.

आणि नळीचं पोट. बोल्ट काढून, नळी उजेडाकडे धरून मागून बघायचं. खाचांच्या कडा धारदार दिसतात का, पृष्ठभाग आरशासारखा आहे की काळवंडून खड्डे पडलेत? जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठोका बसून पेटणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत जे क्षार राहतात, ते मिठासारखे हवेतलं पाणी ओढतात. तेलानं ते विरघळत नाहीत. त्यासाठी गरम पाणीच लागतं. ज्या शिकाऱ्याच्या घरी रायफल झाडल्यावर त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुवायची शिस्त होती, त्याच्या रायफलीचं पोट आजही स्वच्छ दिसतं. ज्यानं नुसतं तेलाचं फडकं फिरवलं, त्याच्या नळीत एका पावसाळ्यात खड्डे पडले. सासऱ्यांना ही सवय होती का, हे घरात कोणाला आठवतंय का विचारा. नळीच्या तोंडाची कडही बघायची. साफसफाईचा गज तोंडाकडून घालायची सवय असेल तर ती कड एका बाजूला झिजते आणि नेम जातो.

आता हूक. ९८ चा हूक म्हणजे बोल्टच्या अंगाला लांबवर चिकटून असलेली स्प्रिंगची पट्टी. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड त्या हुकाखाली आपोआप सरकते, ही या घडणीची खरी करामत आहे. पण घाईत कोणी काडतूस सरळ चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, टाकून त्यावर बोल्ट दाबतं. मग हुकाला त्या कडेवरून उडी मारावी लागते, आणि तसं पुन्हा पुन्हा झालं की टोक तुटतं. माझ्याकडे आलेल्या तुटक्या हुकांचं बहुधा हेच कारण निघतं. म्हणून "भंगार" म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. हा भाग मोडायचाच भाग आहे आणि तो बदलता येतो.

मिळेलही. ९८ ची घडण इतक्या देशांत आणि इतक्या मोठ्या संख्येनं झाली की तिचे हूक, पिना, स्प्रिंगा अजून सापडतात. पुणे, मुंबई, हैदराबाद, कोलकाता इथल्या जुन्या पेढ्यांत, नळी खलास झाली म्हणून बाजूला ठेवलेल्या रायफली नोंदवहीत असतात. भाग तिथून येतो. आपल्या दुकानदारानं त्यांना पत्र लिहायचं, घडण आणि लांबी कळवायची, आणि सगळा व्यवहार दुकान ते दुकान, पावतीवर व्हायचा. आलेला हूक तसाच बसेल असं समजू नका. टोकाचा उतार आणि पकडीचा जोर त्या बोल्टला जुळवून, कानशीनं हळूहळू घासून बसवावा लागतो. १८९३ किंवा १८९५ चा हूक ९८ ला बसवू देऊ नका. टोकाची ठेवणच वेगळी असते. तुटका हूकही टाकू नका, कागदात गुंडाळून रायफलीबरोबर ठेवा.

किमतीचा आकडा पत्रावरून मी सांगणार नाही, रागावू नका. पोट स्वच्छ, नंबर जुळलेले आणि दस्ता मूळचा असेल तर भंगार म्हणणाऱ्याच्या हाती ती मुळीच देऊ नका. यातलं एक जरी गेलं असेल, तर लाखोंचं स्वप्नही बघू नका. .२७५ चं काडतूस आपल्या भागातल्या दुकानांत क्वचितच दिसतं, त्यामुळे गिऱ्हाईक थोडं, हे आधीच धरून चाला.

प्रश्न : माझ्याकडे ईशापूरची .३१५ आहे. बोल्टचं पुढचं डोकं झिजलंय असं वाटतं. ओळखीच्या एकाकडे .३०३ चं बोल्टचं डोकं पडून आहे, ते आट्यांना बसतं. लावू का? — एक शेतकरी वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : लावू नका. बसलेलं असेल तर आजच्या आज काढा, आणि तोवर रायफल झाडू नका.

ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ ही ली-एनफिल्ड या .३०३ बोअरच्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या वळणावर बांधलेली आहे, म्हणून बोल्टचं डोकं वेगळं असतं, आट्यांवर फिरवून निघतं, आणि .३०३ चं डोकं तिला बसल्यासारखं वाटतं. पण .३१५ चं काडतूस आलं ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिकरवरून. त्याच्या बुडाची कड .३०३ पेक्षा किंचित मोठी आहे. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती जागा राहते, त्याला आम्ही हेडस्पेस म्हणतो. ती जागा कागदाच्या जाडीनं वाढली तरी फरक पडतो. गोळी सुटताना पुंगळी मागे ताणली जाते, बुडाच्या थोडं वर फाटते, आणि तापलेला वायू बोल्टच्या कडेनं मागे येतो. तिथे तुमचा डोळा असतो.

झाडलेल्या जुन्या पुंगळ्या ठेवल्या असतील तर घेऊन बसा. बुडाच्या वर बोटभर अंतरावर चमकदार गोल रेघ दिसते का ते बघा. वाकवलेल्या बारीक तारेचं टोक पुंगळीच्या आतून फिरवलं तर त्या रेघेशी खाच लागते. खाच लागली तर हेडस्पेस वाढलेला आहे असं समजा. बोल्टचं डोकं प्रत्येक बोल्टला निवडून, गेज लावून बसवायचं असतं. परवानाधारक कारागिराकडे .३१५ चं गेज आहे का, हे काम देण्याआधी विचारा. गेज नसलेल्याला हे काम देऊ नका, तो माझ्या ओळखीचा असला तरी.

आणि दुसरं, याहून गंभीर. .३०३ हा आपल्याकडे निषिद्ध बोअर आहे. त्याचे भाग "पडून आहेत" असं कोणी सांगत असेल, तर ते कुठून आले हे विचारायच्या भानगडीतसुद्धा पडू नका. .३१५ आपल्याच देशात बनलेली रायफल आहे आणि तिचे भाग सरळ मार्गानं मिळण्यासारखे आहेत. थोडा धीर धरा.

रानडुकरांचा त्रास आहे असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्या भागातलं नुकसान मला ठाऊक आहे. पण पीक संरक्षणासाठी मिळालेला परवाना हा प्राणी मारायचा परवाना नव्हे. त्यासाठी वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. तुमच्या शिवारात काळवीटही येत असेल, त्याच्यावर तर रोखूसुद्धा नका.

प्रश्न : आजोबांची रायफल विकायची आहे. विकण्याआधी नळीला बफिंग आणि नवं ब्लूइंग करून, दस्त्याला पॉलिश पेपर मारून वॉर्निश लावलं तर भाव चांगला येईल ना? — एक वाचक, अकलूज

उत्तर : नाही, भाव पडेल. अगदी कळकळीनं सांगतो, हात लावू नका.

जुना ताम्रपट सापडला तर तांबं चमकावं म्हणून कोणी त्यावरची अक्षरं घासून काढेल का? बफिंगचं चाक नेमकं तेच करतं. नळीवरचं नाव, प्रूफचे शिक्के, नंबर यांच्या कडा बोथट होतात, सपाट भागांच्या धारा गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट होतात. जुन्या चांगल्या रायफलींचा ब्लूइंगचा निळसर काळा रंग पाण्याच्या वाफेत आणि गंजाच्या थरांनी दिवसचे दिवस खपून आणलेला असे. तो झिजतो तोही हाताच्या पकडीच्या जागी, मॅगझिनच्या झाकणावर, अशा ठरावीक ठिकाणी. जाणकाराला त्या झिजेवरून रायफल किती आणि कशी वापरली ते कळतं. गरम क्षारांतून काढलेला नवा काळा रंग दुरूनही ओळखू येतो, आणि मग गिऱ्हाइकाच्या मनात पहिला प्रश्न येतो : खाली काय झाकलंय?

दस्त्याचंही तसंच. अक्रोडाच्या लाकडाला मूळचं जवसाचं तेल पाजलेलं असतं. पॉलिश पेपर फिरवला की पकडीवरची चौकटींची नक्षी जाते, आणि लाकूड लोखंडापेक्षा खाली बसतं. हे बघितलं की मला फार वाईट वाटतं, कारण गेलेलं लाकूड कोणी परत आणू शकत नाही. मऊ सुती कापडानं धूळ पुसा, बोटाच्या टोकावर घेतलेलं जवसाचं तेल एकदा चोळा, कोरडं पुसा. बस्स.

स्क्रूसुद्धा स्वतः उघडू नका. चांगल्या इंग्रजी रायफलीच्या स्क्रूची खाच पातळ असते, आणि स्क्रू पूर्ण बसला की ती खाच नळीच्या रेषेत येते. बाजारी जाड पेचकसानं ती एकदा फाटली की कोणीतरी अडाणी हात घातलाय हे दुकानदार पहिल्या नजरेत ओळखतो, आणि आत काय केलं असेल या शंकेनं भाव पाडतो.

विक्रीची रीत लक्षात ठेवा. परवानाधारकाला आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं, पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखांना लेखी कळवायचं, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस जाऊ द्यायचे. तेवढ्या दिवसांत गिऱ्हाइकाला रायफल जशी आहे तशी दाखवा. आजोबांच्या वेळची खरेदीची पावती, जुना परवाना, रायफलीबरोबर आलेली पेटी, साफसफाईचा गज, यातलं काय काय घरात आहे ते माळ्यावर चढून शोधा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा कंपन्यांची असेल तर आणखी एक मार्ग आहे. त्यांनी जुन्या वह्या जपल्या आहेत. नंबर कळवला आणि शुल्क भरलं तर रायफल कधी आणि कोणत्या बोअरमध्ये बनली हे त्या लेखी कळवतात. असा कागद जोडलेल्या रायफलीला मी नेहमी वरचा भाव सुचवतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही काळविटाची शिंगं आणि एक कातडंही "सेटमध्ये" द्यायचं म्हणता. ते या व्यवहारातून आजच वेगळं काढा. त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, मालकीचा दाखला लागतो, आणि विक्रीला बंदी आहे.

प्रश्न : आमच्याकडे मानलिकर-शोनावर १९०३ आहे, ६.५ मिलिमीटर. बोल्ट इतका मऊ चालतो की बोटानं ढकलला तरी पुढे जातो. पण काडतुसं मिळत नाहीत. एक कारागीर म्हणतो, नळी बदलून .३०-०६ करून देतो, मग किंमत दुप्पट होईल. — एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : तुमची रायफल या सगळ्या पत्रांतली मला सर्वांत आवडलेली, म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो : त्या कारागिराकडे पुन्हा जाऊ नका.

या रायफलीचं मॅगझिन म्हणजे आत फिरणारी चरखी. पाच काडतुसं तिच्या पाच खोबणींत बसतात, आणि त्या खोबण्या ६.५ बाय ५४ च्या मापानंच कापलेल्या आहेत. .३०-०६ चं काडतूस लांबीला कितीतरी मोठं. ते चरखीत मावणारही नाही. म्हणजे नळी बदलली की मॅगझिन निकामी, आणि मॅगझिनसाठीच तर ही रायफल जगभर नावाजली. शिवाय १९०३ चं पोलाद आणि बोल्ट ज्या दाबासाठी घडवले, त्याच्यापेक्षा .३०-०६ चा दाब खूप वरचा आहे. परवान्यावरचा बोअर बदलणं ही तर निराळीच गोष्ट.

सुट्या भागांच्या बाबतीत माउझरवाल्यांइतकं तुमचं नशीब नाही, हेही सांगायला हवं. चरखी, तिची स्प्रिंग, बोल्टची चपटी, खाली वळलेली मूठ, यातलं काही गेलं तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं चालत नाही. याच कारखान्याच्या १९०५, १९०८ आणि १९१० च्या नमुन्यांचा बोअर वेगळा, म्हणून चरखीही वेगळी. तेव्हा चरखी उगाच काढू नका, तिच्यावर जाड ग्रीस थापू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात धूळ आणि ग्रीस मिळून त्याची खळ होते आणि मग तो मऊ बोल्टसुद्धा अडतो. पातळ तेलाचा एक थेंब पुरे.

किमतीचं म्हणाल तर आपल्या देशात सामान्य गिऱ्हाईक काडतुसाकडे बघून भाव करतं. जुन्या इंग्रजी बोअरांना काडतुसं पुरवणाऱ्या कायनॉक या ब्रिटिश कंपनीनं १९७० च्या सुमारास तो उद्योग बंद केला, तेव्हापासून हा प्रश्न जगभर आहे. आपल्याकडे १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सर्वसामान्यांना बंद झाली, तेव्हा चालू बोअरच्या विलायती मालाचे भाव चढले. पण ज्याचं काडतूस मिळत नाही तो माल तसाच पडून राहिला. २०१९ नंतर अनेकांना तिसरं हत्यार सोडावं लागलं, त्यातही अशाच रायफली आधी बाहेर निघाल्या, असं मला दुकानांतून दिसतं. म्हणून आज विकू नका. अस्सल आणि न छेडलेली १९०३ ओळखणारा एखादा नेमबाज किंवा संग्राहक भेटेपर्यंत थांबा. तिच्या मॅगझिनची चरखी हाताला लागली की त्याला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

प्रश्न : १०० वर्षं झालेल्या हत्याराला परवाना लागत नाही, हे खरं का? आणि परदेशी संकेतस्थळावरून माउझरचा बोल्ट किंवा नळी मागवली तर? नुसता भागच तर आहे. शिवाय तुटलेली पिन एमआयडीसीत लेथवर करून घेता येईल, माझा मित्र टर्नर आहे. — एक तरुण वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बाळा, तिन्हीला नाही.

वयामुळे सूट मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती जुनाट घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडलेल्या हत्याराला, आणि तेही दुरुस्त करूनसुद्धा झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. १९०५ ची माउझर आजही अचूक गोळी मारते, तिला परवाना लागणारच.

भागाचंही तेच. कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हटलं की त्याचे भागही आले. परवान्याशिवाय परदेशातून बोल्ट किंवा नळी मागवणं म्हणजे हत्यार मागवणं. पार्सल कस्टममध्ये अडेल आणि तुझं नाव गुन्ह्यात येईल. तुझ्या नावावर अजून परवाना नाही, म्हणून तू आधी रायफल क्लबमध्ये जाऊन .२२ वर हात बसव. बोल्टची घडण समजून घ्यायची हौस असेल तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार एकदा सावकाश बघून ये.

पिनचं, म्हणजे टोपीवर आदळून काडतूस उडवणाऱ्या भागाचं, मात्र नीट सांगतो, कारण हा मोह सोलापुरात फार जणांना होतो. आपल्याकडे मिलच्या काळापासून लेथवर हात बसलेले कारागीर आहेत, माझे वडीलही मिलमध्ये फिटर होते. तुझा मित्र हुबेहूब आकाराची पिन कातून देईल याबद्दल मला शंका नाही. पण दुरुस्तीचा परवाना नसलेल्यानं ते काम करणं गुन्हा आहे, आणि आकार हुबेहूब असून भागत नाही. बोल्टच्या तोंडाबाहेर पिनचं टोक दीड मिलिमीटरच्या आसपासच यायला हवं. जास्त आलं तर टोपी फोडून वायू मागे येतो, कमी आलं तर काडतूस उडतच नाही, आणि ते आता उडेल की मग उडेल हे कळत नाही. पोलाद मऊ राहिलं तर टोक चेपतं, जास्त कडक झालं तर आतच मोडतं. पाणी देणं ही वेगळी विद्या आहे, ती रोजच्या लेथकामातून येत नाही. मूळ भाग मिळेपर्यंत रायफल बंद राहिली तरी चालेल.

प्रश्न : निवडणुकीच्या वेळी जमा केलेली रायफल परत आली तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके होते. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : ठिपके तांबूस आणि वरवरचे असतील तर पातळ तेल लावून रात्रभर राहू द्या, सकाळी सुती कापडानं पुसा. दोन-तीनदा करा. पॉलिश पेपर, काथ्या, लिंबू, चिंच यातलं काहीही लावू नका. खड्डे पडले असतील तर तसेच राहू द्या, फक्त कोरडे आणि तेलकट ठेवा.

पुढच्या वेळी देण्याआधी नळी आतून आणि बाहेरून पुसून जरा दाट तेलाचा हात द्या. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत घालून देऊ नका, खोळ ओल धरते आणि चामडं लोखंडाला खातं. घरीसुद्धा तिजोरीत ठेवताना अधूनमधून तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. तेल पिऊन मऊ झालेलं लाकूड पुढे स्क्रूच्या जागी दबतं, आणि मे महिन्यात सुकलं की चिरतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर एकदा सगळं उघडून बघायची सवय ठेवा.

जमा करताना रायफलीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि पावतीवर नुसती "रायफल एक" असं लिहून घेऊ नका. बोअर, नळीचा नंबर, बोल्टचा नंबर, दुर्बीण किंवा पट्टा असेल तर तोही लिहायला सांगा. अनेक हत्यारं एकाच खोलीत असतात आणि बोल्ट काढून ठेवलेले असतील तर अदलाबदल होऊ शकते. परत घेताना बोल्टचा नंबर पावतीशी ताडून बघा, मगच सही करा.